शब्दवाले, आकडेवाले आणि दारची म्हैस

छापखान्यात एक काम कोणालाच आवडत नाही. अंक छापून झाला की जुळवलेले अक्षरांचे खिळे सोडवायचे, धुवायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. कंटाळा केला की ढीग साचतो, आणि मग ‘क’ शोधायला गेलं की हाताला ‘ढ’ लागतो! किश्श्यांचंही तसंच आहे बघा. वेळच्या वेळी सांगून टाकले नाहीत तर डोक्यात नुसता ढीग. माझा तर इतका झालाय, की परवा नातवाला दुकानात पाठवताना ‘उभ्यानं जा, आडव्यानं ये’ असं तोंडातून निघून गेलं. म्हणून आज बसा जरा. चहा येईलच.

गोष्ट खामगावची, दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली. आपलं वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं. लाटसाहेब नागपुरात, कापूस खामगावात आणि कागद कुठेच नाही! आमचं साप्ताहिक आठ पानांचं होतं, ते चार पानांवर आलं. मालक, संपादक, व्यवस्थापक सगळं अप्पासाहेब. मी कंपोझिटर. बातम्या कापसाच्या, लढाईच्या, आणि कोणाची बैलजोडी कोणी नेली त्याच्या. पण लोक अंक घ्यायचे तो शेवटच्या पानासाठी. तिथं दोन कोडी शेजारी शेजारी असायची. चौकोन सारखे, काळी घरं सारखी. डावीकडच्यात अक्षरं भरायची, उजवीकडच्यात आकडे.

डावीकडचं शब्दकोडं करायचे गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले मराठीचे मास्तर. उजवीकडचं करायचे मोजणीदार. त्यांची उभी नोकरी जमीन मोजण्यात गेली होती, साखळी घेऊन अख्खा जिल्हा पायाखाली घातलेला. दोघं एकाच गल्लीत समोरासमोर राहायचे, रोज बरोबर छापखान्यात यायचे आणि आल्यापासून भांडायचे.

वाद एकच. कोणतं कोडं सुटलं की जास्त समाधान?

गुरुजी म्हणायचे, "शब्द जमला की तोंडात गुळाचा खडा ठेवल्यासारखं होतं. तुमच्या आकड्याला काही चव आहे का?"

मोजणीदार म्हणायचे, "चव नसन, पण शंका तं नाई राहत! आकडा बसला म्हणजे बसला. तुमचा शब्द बसला का नाई, हे पुढचा अंक येईपर्यंत समजत नाई. याले तुम्ही समाधान म्हणता? आम्ही याले घोर म्हणतो!"

आणि नुसतं बोलून थांबायचे नाहीत. ताजा अंक हातात आला की मोजणीदार शेवटचं पान उभं दुमडायचे, डावी बाजू आत. शब्दकोडं डोळ्यांनीसुद्धा पाहायचं नाही! दहा वर्षं त्यांनी हा नेम पाळला. गुरुजीही कमी नव्हते. ते उजव्या बाजूवर चहाची कपबशी ठेवायचे.

*

आता मोजणीदारांचा माधव. त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माधव एकुलता एक. गुरुजींच्या वर्गात होता. गुरुजींनी एकदा निबंध दिला, ‘माझी आई’. पोरं रडली, पोरांनी पानं भरली. माधवनं लिहिलं, ‘माझी आई उंचीने पाच फूट एक इंच आहे. ती रोज बावीस भाकरी करते. आम्ही तिघे असून बावीस का, तर उरलेल्या गडीमाणसांना व म्हशीला.’ संपला निबंध!

गुरुजींनी शंभरातले सात मार्क दिले. मोजणीदार भांडायला गेले, "काऊन हो गुरुजी? यात एक तरी गोष्ट चुकीची आहे काय?"

"एकही नाही," गुरुजी म्हणाले. "त्याचेच सात दिले."

तोच माधव मोठा झाला, लष्करात सप्लायचा कारकून लागला आणि बोटीत बसून कुठं गेला ते सांगायची त्याला परवानगी नव्हती. मोजणीदार दर आठवड्याला अंक गुंडाळून, तिकीट लावून, स्वतः पोस्टात जाऊन त्याला पाठवायचे. आणि महिना-दीड महिन्यानं माधवचं कार्ड यायचं. त्यावर काय? आकड्यांच्या कोड्याचं उत्तर! ओळीनं आकडे, आणि खाली कोपऱ्यात एक शब्द, ‘खुशाल’. बस्स. आई कोणाकडून तरी लिहून घेऊन पत्रं पाठवायची, त्याचं उत्तर कधी नाही. त्या पठ्ठ्यानं जन्मात एक सरळ पत्र लिहिलं नव्हतं. गुरुजी चिडवायचे, "मोजणीदार, पोरगा पत्र लिहितो की सात-बारा?"

पण कार्ड आलं की मोजणीदार ते आधी वरून खाली तपासायचे, मग डावीकडून उजवीकडे. सगळं बरोबर निघालं की चष्मा काढून पुसायचे. समाधान कशाचं नाव ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं आहे, खोटं कशाला बोलू!

*

आमच्याकडे खिळे मोजके. आकड्यांच्या कोड्याचं उत्तर छापायचं म्हणजे मी आधी खणातले आकडे मोजून घ्यायचो. एकदा उत्तरात इतके सहा निघाले, की माझ्या खणातले सहा संपले. अप्पासाहेब डोक्यावर उभे, मशीन थांबलेलं. मी काय केलं, तीनचा खिळा घेतला आणि उलटा बसवला. लांबून बघा, सहाच दिसतो! फक्त शेपूट खाली असायचं ते वर जातं. म्हटलं, कोण बघतंय?

तिसऱ्या दिवशी जानेफळहून कार्ड. हे जानेफळकर म्हणजे आमचे जुने वाचक, त्यांचं कार्ड आलं नाही असा आठवडा नाही. लिहिलं होतं, ‘आपल्या अंकातील चार सहांनी शीर्षासन केले आहे. ते व्यायामासाठी की लढाईमुळे?’

मोजणीदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मोजणीदार, सहा कमी पडतात. तुम्ही कोड्यात सहा जरा कमी वापरा ना."

"सहा कमी वापरू?" ते केवढ्यांदा ओरडले! "उद्या म्हणशीन, आठवड्यात वार कमी आणा! आकडा जिथं येते तिथंच येते बे, तो काय तुया बापाचा नोकर आहे?"

*

एकदा मोजणीदारांनी कोड्यात विचारलं, ‘सोनाळ्याच्या मोठ्या विहिरीची खोली, हातांत.’ त्यांनी स्वतः मोजलेली, त्यामुळे उत्तर छापलं बेचाळीस. आठ दिवसांत सोनाळ्याचे दोन शेतकरी डोक्याला फेटे बांधून छापखान्यात हजर. हातात सुंभाचं मोठं वेटोळं. त्यांनी ते जमिनीवर आपटलं आणि म्हणाले, "मोजा."

मोजलं. चव्वेचाळीस भरलं.

गुरुजींना काय आनंद झाला म्हणता! "का हो मोजणीदार, शंका राहत नाही ना?"

मोजणीदारांनी ते सुंभ पुन्हा एकदा मोजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसले आणि सोनाळ्याला गेले. दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी आले ते पार धुळीनं माखलेले, पण छाती पुढे.

"काय झालं?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"औंदा गाळ काढला त्यायनं विहिरीतला. दोन हात!" मोजणीदारांनी टेबलावर थाप मारली. "माया आकडा बरोबर होता, अप्पासाहेब. विहीर बदलली!"

*

गुरुजींचं वेगळंच. त्यांच्या कोड्यात दहा वर्षांत एक चूक निघाली नव्हती. म्हणजे लोक काढायचे हो, हे कबूल करायचे नाहीत! कोणी दुसरा शब्द शोधून पाठवला आणि तोही चौकोनात फिट बसला, तर गुरुजी म्हणायचे, "शब्द चांगला आहे. पण माझ्या मनात तो नव्हता." खलास. अपील नाही.

एकदा त्यांनी विचारलं, ‘स्त्रीचा खरा दागिना, तीन अक्षरे.’ शेवटचं अक्षर ‘य’. त्यांचं उत्तर होतं ‘विनय’. टपालात एक कार्ड आलं, बिननावाचं, खामगावचाच शिक्का. सगळे शब्द बरोबर आणि दागिन्याच्या जागी ‘निश्चय’.

गुरुजींनी लाल पेन्सिलीनं काट मारली. मोजणीदार शेजारून डोकावले. शब्दाकडे नाही हं, नुसत्या अक्षराकडे. "गुरुजी, हे वळण ओळखीचं वाटून राह्यलं. तुमच्या घरच्या वाणसामानाच्या यादीवर पाह्यलं काय मी?"

गुरुजींनी कार्ड पालथं घातलं. पण काट काही पुसली नाही. पुढे आठ दिवस गुरुजींचा डबा आला नाही. छापखान्यात बसून मुरमुरे-फुटाणे खायचे. अप्पासाहेब म्हणाले, "गुरुजी, माना ना एवढ्या बार. कोडं काय वेद आहे?"

"मानलं असतं," फुटाणे चावत गुरुजी म्हणाले. "पण माझ्या मनात तो शब्द नव्हता."

यावर मोजणीदार म्हणाले, "म्हणजे तुमचं कोडं सोडवाचं तं माणसानं तुमच्या मनात घुसाचं! मायं सोडवाले नुसतं डोकं पुरते."

गुरुजी पटकन म्हणाले, "मनात शिरायची वाट तुमच्या आकड्यांतून जात नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

*

अप्पासाहेब एक दिवस कंटाळले. म्हणाले, "रोजची किरकिर बंद करा. आज अदलाबदल! मोजणीदार शब्दाचं सोडवतीन, गुरुजी आकड्याचं." मोजणीदारांचा नेम मोडायला नको म्हणून छापलेलं कोडं नाही दिलं, गुरुजींनी पाटीवर एक छोटं काढून दिलं. दोघं पाठीला पाठ लावून बसले. मी मध्ये पंच.

मोजणीदार आधी उठले. पाहतो तर सगळी घरं भरलेली. पहिला शब्द ‘कमसाद’, दुसरा ‘पाटवणू’, तिसरा वाचता आला नाही.

"हे काय?" गुरुजी किंचाळले. "अर्थ काय याचा?"

"अर्थाचं तुम्ही कुठं बोलले? घरं भरा म्हणे. भरली. आडवं उभ्याले कुठं अडून राह्यलं काय? नाई ना!"

मग गुरुजींचा कागद पाहिला. आकडे सुंदर, वळणदार. एकही बरोबर नाही! मोजणीदारांनी कपाळाला हात लावला. "गुरुजी, एका साखळीचे फूट सहासष्ट. तुम्ही एकसष्ट काऊन लिहिले?"

"सहासष्ट कानाला खटकतं," गुरुजी म्हणाले. "एकसष्ट कसं, जरा मऊ आहे."

दोघांनी आपापलं समाधान पूर्ण झाल्याचं जाहीर केलं आणि चहा मागवला. हसून हसून माझ्या हातातली खिळ्यांची ओळ सांडली. त्या छापखान्यातलं ते शेवटचं मोकळं हसू, कारण त्याच महिन्यात माधवचं कार्ड आलं नाही.

*

पहिल्या महिन्यात कोणी काही बोललं नाही. लढाईचं टपाल, उशीर व्हायचाच. दुसऱ्या महिन्यात मोजणीदार टपाल फोडायला सगळ्यांच्या आधी यायला लागले. कार्डांचा गठ्ठा हातात घ्यायचे, पत्त्यांसारखा पसरायचे, लष्कराचा शिक्का शोधायचे आणि गठ्ठा खाली ठेवून म्हणायचे, "नाई आलं." मग बाकीच्यांची उत्तरं तपासायला बसायचे. तपासण्यात कसूर नाही. जानेफळकरांचा एक आकडा चुकला तर त्यांना समजावून कार्ड लिहायचे.

तिसरा महिना गेला, चौथा गेला. गुरुजींनी चिडवणं सोडलं. ते जास्त वाईट होतं! घरी यशोदाबाई, माधवची आई, काही विचारायच्या नाहीत. मोजणीदार उंबऱ्यात जोडे कसे काढतात त्यावरून त्यांना कळायचं. मला रोज वाटायचं, आज कार्ड येऊ दे रे देवा, माझे सगळे सहा घे पण कार्ड येऊ दे.

*

कार्ड नाही आलं, साहेब आला! श्रावणात एका दुपारी इस्त्रीची अर्धी चड्डी, हातात छडी, मागे शिपाई, शिपायाच्या काखेत लाल फितीनं बांधलेला गठ्ठा. कुठल्या खात्याचे ते त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती. गठ्ठा सोडला. आत आमचेच अंक, चैत्रापासूनचे सगळे. शेवटच्या पानावर प्रत्येक आकड्याभोवती निळी पेन्सिल फिरवलेली.

"फौजेतल्या माणसाला दर आठवड्याला हे आकडे कोण पाठवतं?" साहेबांनी विचारलं.

अप्पासाहेबांचा रंग उडाला. मोजणीदार शांतपणे उठले, खुर्ची पुढे केली, पेन्सिल दिली. "मी पाठवतो. बसा साहेब. एका एकराचे चौरस यार्ड किती?"

"काय?"

"चार हजार आठशे चाळीस. लिहा, आडवा एक. आता एका मैलात साखळ्या किती?"

साहेब उभ्या उभ्या म्हणाले, "मला काय माहीत!"

"ऐंशी. उभा दोन. पाहा, आठ जुळला का नाई वरच्या आठाशी?"

साहेबांनी पाहिलं. आठ जुळला होता. साहेब बसले. मग टोपी काढली. मग शिपायाला बाहेर उभं राहायला सांगितलं. दोन तास, सांगतो, दोन तास छापखान्यात पेन्सिलीशिवाय आवाज नाही! जळंबची गाडी शिट्टी देऊन निघून गेली तरी साहेब आडवा अकरावर अडलेले. सुटला तेव्हा त्यांनी टेबलावर मूठ आपटली आणि मग एकदम आठवलं, की आपण चौकशीला आलोत.

उठताना म्हणाले, "यात सांकेतिक काही नाही, माझी खात्री पटली. पण वरच्या प्रत्येकाला मी एक एकर समजावत बसणार नाही. आकड्यांचं कोडं बंद करा. त्याशिवाय तुमचा अंक फौजेपर्यंत जाणार नाही." आणि दारातून परत फिरून, हळू आवाजात, "ते उभ्या पाचचं उत्तर तेवढं कळवा."

साहेब गेले. अप्पासाहेबांनी अंगरख्यानं घाम पुसला. मी देवाला हात जोडले. मोजणीदार मात्र त्या गठ्ठ्याकडे बघत उभे. "म्हणजे अंक त्याच्यापाशी पोचलेच नाई," ते म्हणाले. "कोडंच नाई, तं पोट्टं उत्तर कायचं पाठवीन?" आणि मग ते गुरुजींकडे वळले. "तसंच असन ना, गुरुजी? तसंच असन ना?"

"तसंच आहे," गुरुजी म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मोजणीदारांना हो म्हटलं.

*

उजवी बाजू रिकामी झाली. अप्पासाहेबांनी तिथं सरकीच्या पेंडेची जाहिरात टाकली. मोजणीदार तरी रोज यायचे. पान दुमडायचे, डावी बाजू आत, आणि पेंडेची जाहिरात वाचत बसायचे. अंक मात्र पोस्टात टाकायचेच. "त्याले वाचासारखं यात आता काय आहे म्हणा," असं म्हणून टाकायचे.

पोळ्याच्या अंकासाठी गुरुजींनी मला शब्दकोडं आणून दिलं. मी खिळे जुळवायला घेतलं. ‘उभा एक : शाळा बुडवून बसायची जागा.’ बरं. ‘आडवा चार : मास्तरांनी पिळला तो कान कोणता?’ हे काय भलतंच? ‘आडवा सात : दारची म्हैस.’ आणि पुढे, ‘उभा आठ : आईच्या रोजच्या भाकरी, अक्षरी.’

माझा हात थांबला. मी वर पाहिलं. गुरुजी माझ्याकडेच पाहत होते.

"पत्राचं उत्तर तो देत नाही, वामन," ते हळूच म्हणाले. "पण कोडं पुढ्यात आलं आणि सोडवलं नाही, असं त्याच्यानं होत नाही. जुळव. तोंड मिटून जुळव."

मी जुळवलं. मोजणीदारांनी त्या संध्याकाळी पान दुमडलं, डावी बाजू आत, अंक गुंडाळला आणि पोस्टात टाकला.

*

मग जो गदारोळ झाला! अहो, कार्डांचा पाऊस! ‘हे कोडे आहे की चौकशी?’ ‘गुरुजींची प्रकृती कशी आहे?’ ‘कान आमचा होता, उजवा व डावा दोन्ही पिळले होते, कोणता लिहू?’ आणि जानेफळकर : ‘दारची म्हैस म्हणजे कोणाच्या दारची? आमच्या एकट्या गल्लीत चौदा आहेत. कृपया खुलासा करावा.’

खुलासा नाही. बरं, रिवाज असा की उत्तर पुढच्या अंकात छापायचं. गुरुजींनी ते दिलंच नाही! दुसरा आठवडा, तिसरा, महिना. नवं शब्दकोडं दर आठवड्याला द्यायचे, पण पोळ्याचं उत्तर नाही. अप्पासाहेब भडकले. "गुरुजी, लोकं अंक बंद करतो म्हणून राह्यले! उत्तर छापा, नाही तं कोडंच बंद करतो. तिथंबी पेंड छापतो!"

"छापा पेंड," गुरुजी म्हणाले. "उत्तर आल्याशिवाय मी उत्तर देणार नाही."

मोजणीदारसुद्धा वैतागले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "वामन, गुरुजीचं डोकं फिरलं काय रे? वय झालं आता त्यायचं." मी मान खाली घातली आणि ‘हाव’ म्हटलं. दुसरं काय म्हणू?

दसरा गेला, दिवाळी गेली. दिवाळीत मोजणीदारांच्या दारात पणती होती, पण एकच. गुरुजी दिवसेंदिवस वाळत चालले. टपाल फोडताना आता दोन म्हातारे गठ्ठ्यावर वाकायचे, आणि मोजणीदारांना कळायचं नाही, की गुरुजींना एवढी घाई कशाची.

*

संक्रांतीच्या आधीचा बाजाराचा दिवस. टपाल आलं. त्या दिवशी गठ्ठा गुरुजींच्या हातात पहिल्यांदा पडला. त्यांनी एक कार्ड काढलं, पाहिलं आणि खाली बसले. खुर्ची नव्हती तिथं. कागदाच्या रिमावर बसले.

"गुरुजी, पाणी देऊ?" मी धावलो.

त्यांनी मान हलवली आणि कार्ड मोजणीदारांपुढे धरलं. "मोजणीदार, एवढं तपासा."

"शब्दाचं ना? मी शब्द तपासत नाई."

"आज तपासा."

मोजणीदारांनी चष्मा लावला. कार्ड घेतलं. लष्कराचा शिक्का. ओळीनं शब्द लिहिलेले, ‘गोदाम’, ‘उजवा’, ‘बावीस’... आणि खाली कोपऱ्यात ‘खुशाल’.

मी पोळ्याचा अंक त्यांच्यापुढे ठेवला, डावी बाजू वर. दहा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ती बाजू पाहिली. एकेका प्रश्नावर बोट ठेवत, मग कार्डावर बोट ठेवत, वरून खाली, मग डावीकडून उजवीकडे. ओठ हलत होते. डोळ्यांतून धारा लागलेल्या, पण तपासणी चालू! अप्पासाहेबांनी तोंड भिंतीकडे केलं. मी तर मोकळ्यानं रडलो, लाज कसली! जिवंत होता पोरगा. आठ-नऊ महिन्यांचा दगड छातीवरून खाली उतरला सगळ्यांच्या.

इतक्यात मोजणीदारांचं बोट थांबलं.

"गुरुजी, आडवा सात."

"काय?" गुरुजींनी डोळे पुसले.

"दारची म्हैस. तुमचं उत्तर काय आहे?"

"सावळी."

"यानं जांभळी लिहिलं."

"छे! सावळीच. मला चांगली आठवते. कपाळावर पांढरा ठिपका."

"ठिपकेवाली सावळी तुमच्या दारची होती, गुरुजी! आमची जांभळी." मोजणीदारांचा आवाज चढला, आणि खरं सांगतो, तो चढलेला आवाज ऐकून किती बरं वाटलं! "पोट्टं बरोबर आहे. कोडं चुकलं तुमचं!"

आम्ही सगळे गुरुजींकडे पाहत राहिलो. ज्या माणसानं घरचं जेवण सोडलं पण ‘निश्चय’ मानला नाही, तो काय म्हणणार?

गुरुजी रिमावरून उठले. माझ्याजवळ आले. "वामन, खिळे घे. मोठे घे," ते म्हणाले आणि सांगायला लागले. पुढच्या अंकात पहिल्या पानावर, लढाईच्या बातमीच्या वर, चौकटीत ते छापलं : ‘चूक-दुरुस्ती. पोळ्याच्या अंकातील शब्दकोडे, आडवा सात : सावळी नसून जांभळी. कोडे चुकले होते. सोडवणारा बरोबर आहे.’

चौथ्या दिवशी जानेफळचं कार्ड आलं. ‘दुरुस्ती वाचली. आभारी आहोत. परंतु म्हैस कोणाची?’

अप्पासाहेब म्हणाले, "याले आता काय लिहाचं?"

मोजणीदारांनी त्यांच्या हातातला टाक काढून घेतला, कोरं कार्ड ओढलं आणि स्वतः लिहिलं. एकच शब्द.

‘आमची.’